वानखडे सरांचं शैक्षणिक साहित्य

वानखडे सरांच्या शैक्षणिक साहित्याला फोडणीचा वास यायचा.

पुण्याच्या नव्हे, आमच्या इकडच्या उंद्रीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते इंग्रजी शिकवतात, मी गणित. रोज सकाळी त्यांच्या मोटारसायकलच्या हँडलला दोन डबे लटकलेले असत. एक जेवणाचा. दुसऱ्याला कोणी हात लावला की सर ओरडत, "ओ गणितवाले, ते शैक्षणिक साहित्य हाय. सांडवसान!" आत वांग्याची भाजी असायची.

झालं होतं असं, की सहावीच्या पोरांना 'व्हेरी', 'टू', 'क्वाइट', 'एक्स्ट्रीमली' हे शब्द शिकवायचे होते. पुस्तकात त्यासाठी एक हत्ती दिलेला, व्हेरी बिग. सरांना तो हत्ती काही पटला नाही. "हत्ती पाह्यला का यायनं कधी? मिरची तं रोज खातात." म्हणून ते ठेचा घेऊन आले. प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा, त्यावर बोटभर ठेचा, आणि घास गिळायच्या आत सरांचा प्रश्न तयार : "किती?"

नुसतं 'हॉट' म्हणून सुटका नसे. "किती ते सांग ना बे! डोयातून पाणी आलं, तरी दुसरा घास मांगू वाटते, ते व्हेरी. घास टाकून माठाकडे पयत सुटला, ते टू." इतका स्वच्छ फरक मला कॉलेजातही कोणी सांगितला नव्हता.

ठेच्यावरून सर भाजीवर आले, भाजीवरून कढीवर. भिंतीपलीकडून वास आला की माझ्या वर्गातल्या अपूर्णांकांचं वाटोळं व्हायचं. एक दिवस एका पोराचे वडील मला रस्त्यात गाठून म्हणाले, "मास्तर, पोट्टं वरणाचा भुरका मारते अन् मायले 'टू थिन' म्हणते. शिवी हाय काय थे?"

"नाही हो. पार पातळ झालं, म्हणतोय."

त्यांनी जरा विचार केला. "मंग बराबर म्हणते," म्हणाले आणि निघून गेले.

मला ही सगळी शिकवण्याची तळमळ वाटे. ती होतीच, पण निम्मी. एकदा साक्षी नावाच्या मुलीनं भेंडी खाऊन झोकात सांगितलं, "इट इज क्वाइट गुड." वाक्यात काडीची चूक नव्हती, तरी सर तिला खाली बसू देईनात. "क्वाइटच काऊन वं? काय कमी पडलं? कांदा?" पोरगी रडकुंडीला आली. हे कसलं इंग्रजी, म्हणून मधल्या सुट्टीत मी त्यांना छेडलंच.

तेव्हा कळलं. सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पुण्याला मुलाकडे होत्या. नातवाला सांभाळायला दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या होत्या. नातू आता घरभर पळतो. "येऊनच राह्यली," असं सर विचारणाऱ्याला सांगतात. सरांना चहापलीकडे काही येत नव्हतं. वहिनी रोज संध्याकाळी फोनवरून उद्याची भाजी शिकवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या, कशी झाली?

"मंग मी सांगतो, पोरं व्हेरी टेस्टी म्हणत होते."

"पण तुम्हीच सांगा की, छान झाली म्हणून."

मी काहीतरी भलतंच बोललो असावं, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लगन झाल्यापासून तिच्या हातचं खाल्लं, एक डाव चांगलं म्हटलं नाही. आता कोण्या तोंडानं म्हणू? पोरायचं तोंड हाय तं बरं हाय."

पुढे केंद्रप्रमुख साहेब शाळाभेटीला आले, ते नेमके एक्स्ट्रीमलीच्या दिवशी. पोरांनी आग्रह करकरून त्यांना ठेचा खाऊ घातला. साहेबांचे कान लाल झाले. एका पोरीनं आपुलकीनं विचारलं, "सर, हाऊ हॉट?" साहेबांना बोलता येईना. बोलता आलं तेव्हा त्यांनी पहिला हुकूम काढला, की बाहेरचं खाणं वर्गात बंद. त्यांचंही खरंच होतं. उद्या एखादं पोर आजारी पडलं, तर जबाबदार कोण?

सर फळ्यावर मिरच्या काढून शिकवू लागले. पोरांचं काही अडलं नाही, शब्द त्यांना येतच होते. सर मात्र सुकत चालले. काळजी वाटली म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी गवार केली होती. मला ताट वाढलं. गवार खरोखरच फक्कड जमली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हात ओले म्हणून सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"गणितवाले सर आले जेवाले," त्यांनी सांगितलं.

"बरं झालं. गवार केली ना? पोरं काय म्हणत होते?"

सरांनी माझ्या ताटात आणखी गवार वाढली. मग म्हणाले, "आज सुट्टी होती पोरायले."

"परवा सुट्टी, काल सुट्टी, आज बी सुट्टी? कोणती शाळा हाय वो तुमची?" मग वहिनीच म्हणाल्या, "मले समजते. माह्या सांगण्यानं चांगलं होत नसन आता. तुमी लपवून राह्यले. राहू द्या, उद्यापासून नाही सांगत मी. खानावळीचा डबा लावून घ्या."

मला त्या माणसाचा राग आला. मीच सांगतो वहिनींना, म्हणून तोंड उघडलं, तर सरांनी ओला हात वर करून मला थांबवलं.

"पोरायले देणं बंद झालं वं," ते म्हणाले. "पोरं नाही, मीच म्हणून राह्यलो. चांगली झाली गवार. काल भेंडी बी चांगली झाली होती." ओला हात पँटला पुसत ते पुढे म्हणाले, "तू इथं होती, तवा बी चांगलंच होत होतं. रोजच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "गणितवाले भाऊ, आमचे हेच बोलून राह्यले ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो, "तेच."

मग रडण्याचा आवाज आला. सर फोनजवळ सरकले आणि घाईघाईनं म्हणाले, "रडू नको वं. उद्या काय करू, थे सांग."