जुन्या आजारांवर मोफत

खडकपांगरीच्या वाचनालयासमोर रांग लागलेली राजानंदला कोपऱ्यावरूनच दिसली आणि त्याने स्कूटीचा ब्रेक दाबला. रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. तो इथला ग्रंथपाल. आजवर एका वेळी तीन माणसं आत आली, तर बाहेर ऊन फार आहे का, असं तो विचारायचा.

त्याचा ऊर भरून आला. आज त्याच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. इंग्रजांच्या अमलात माणसं कशी आजारी पडत आणि त्यांच्यावर कसे उपचार होत, याचं ते प्रदर्शन. जालन्याला एकेकाळी पलटणीची छावणी होती. तिथल्या इस्पितळाचे फोटो त्याने मिळवले होते. शिवाय दात उपटायची सांडशी, रक्त काढायची सुरी, जळवा ठेवायची काचेची बरणी, छाती तपासायची लाकडी नळी, असं बरंच काही लोकांच्या हातापाया पडून गोळा केलं होतं. वाचनालयात माणूसच दिसत नाही, असंच राहिलं तर कुलूप लावू, असं तपासणीवाले मागच्या खेपेला बजावून गेले होते. आणि आज ही गर्दी.

त्याने गाडी लावली, तशी रांगेतली एक म्हातारी पुढे आली. तुळजाबाई तिचं नाव. ती भल्या पहाटे वाटूरहून निघून आली होती.

"डॉक्टरसाहेब, गुडघे लई दुखून राह्यले. पहिला नंबर माझाय, बरं का."

"मावशी, मी डॉक्टर न्हाई."

"मंग डॉक्टर कधी येणार?"

राजानंदने वर पाहिलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. प्रदर्शनाच्या फलकावर दोन ओळी लिहायच्या ठरल्या होत्या. वर 'जुन्या आजारांवरील उपचार' आणि खाली 'इंग्रजी अमदानीतील वैद्यकाचे प्रदर्शन'. फलक करून इथे आणि गावोगाव लावायचं काम वाचनालयाचे अध्यक्ष सोमेश्वरअण्णा यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. त्यात त्यांचा फोटो आला, त्यांच्या नेत्याचा आला, शुभेच्छुक म्हणून मेव्हण्याचा आला, मेव्हण्याच्या दोन मित्रांचे आले. एवढी माणसं दाटीवाटीने बसवताना खालची ओळ कुठेतरी गेली आणि शेवटच्या 'प्रवेश मोफत'मधला 'प्रवेश'ही गेला. उरलं ते एवढंच: 'जुन्या आजारांवरील उपचार. मोफत.'

आता जुना आजार नाही असा माणूस पंचक्रोशीत कुठे सापडायचा?

राजानंद पायरीवर उभा राहिला आणि हे प्रदर्शन आहे, इथे फक्त बघायचं, असं त्याने मोठ्याने सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून एकजण म्हणाला, "म्हणजे औषधं वळखीच्या लोकांसाठी ठेवली. आम्ही बघायचं फक्त."

हे मात्र सगळ्यांना बरोबर पटलं. रांग जास्तच घट्ट झाली.

तेवढ्यात अण्णांची जीप आली. गर्दी पाहून ते फोटोतल्यापेक्षा रुंद हसले.

"अण्णा, घोटाळा झालाय. लोकांना वाटून राह्यलं इथं दवाखाना आहे. यांना वापस पाठवू द्या."

"वापस?" अण्णांनी त्याला बाजूला घेतलं. "येड लागलंय का तुला? निवडणूक तोंडावर आलीय आन तू पब्लिक वापस पाठवतो?"

"पण यांना सांगायचं काय?"

"ते तू बघ. तू शिकलेला माणूस आहेस."

अण्णांनी फीत कापली, जनतेचं आरोग्य हाच आपला श्वास असल्याचं सांगितलं, एकही माणूस उपचाराशिवाय जाणार नाही असा शब्द दिला आणि ते दुसऱ्या कार्यक्रमाला बदनापूरला निघून गेले. राजानंद लोकांच्या तावडीत राहिला. त्यातच उद्घाटन म्हणून त्याने पांढराशुभ्र शर्ट घातला होता आणि पुसता पुसता ती लाकडी नळी त्याच्या हातात राहिली होती. आता तो डॉक्टर नाही, हे त्याच्या बायकोनेही मान्य केलं नसतं.

दारातली अभिप्रायाची वहीही लोकांनी केसपेपर समजून भरली. 'आपला अभिप्राय' या रकान्यात कुणी 'कंबर' लिहिलं, कुणी 'पित्त', कुणी 'दोन्ही डोळे, डावा जास्त'.

तुळजाबाई आत येऊन बाकावर बसली आणि तिने गुडघा पुढे केला. राजानंदला खोटं बोलवेना आणि तिला उठवायचाही धीर होईना. शेवटी त्याने जे खरं होतं तेच सांगायचं ठरवलं.

"मावशी, त्या काळी सांधा सुजला, की या बरणीतल्या जळवा काढून गुडघ्याला लावायचे. रक्त पिऊन टम्म फुगल्या, की आपोआप गळून पडायच्या."

तुळजाबाईने बरणीकडे पाहिलं. बरणी रिकामी होती, पण राजानंदचं वर्णन भरगच्च होतं.

"किती लावायच्या?"

"दुखणं जाईपर्यंत."

तुळजाबाईने गुडघा हळूच मागे घेतला. तो दोनदा वाकवून पाहिला. "तसं पाह्यलं तर एवढं काही दुखत न्हाई," ती म्हणाली. "येताना एसटीत अवघडला असंल." आणि ती लगबगीने उठून चालू लागली. रांगेतल्यांनी तिला तसं चालताना पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"काय दिलं व आत?"

"काही दिलं न्हाई. नुसतं सांगितलं, आन आराम पडला."

पुढे सगळं असंच होत गेलं. दाढ दुखणाऱ्याने सांडशी पाहिली. दोन माणसं छातीवर बसायची आणि तिसरा ओढायचा, भूल वगैरे काही नाही, हे ऐकलं आणि त्याची दाढ गप्प झाली. तापाने फणफणलेल्याला राजानंदने सांगितलं, की तापात आधी हाताची शीर कापून वाटीभर रक्त काढायचे आणि उतरला नाही तर आणखी एक वाटी. त्या गृहस्थाला तिथल्या तिथे घाम फुटला. राजानंद कुणालाही हात लावत नव्हता, की कुणाला गोळी देत नव्हता. तरी बाहेर पडणारा प्रत्येक जण ठणठणीत दिसत होता. दुपारपर्यंत अंतरवाली सराटीकडून जीप भरून लोक आले.

आणि मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तृप्ती आल्या. वाचनालयात बिनडिग्रीचा माणूस लोकांना तपासतोय, असा फोन त्यांना कुणीतरी केला होता. त्या सरळ आत आल्या. राजानंदच्या हातातली नळी खाली पडली. नोकरी गेली, आता पोलीस येणार, आणि उद्याच्या पेपरात पांढऱ्या शर्टातला फोटो, हे सगळं त्याला एकदम दिसलं.

"कोणती औषधं देताय?"

"एकही न्हाई मॅडम. पूर्वी काय करायचे ते सांगून राह्यलोय फक्त."

डॉक्टर तृप्ती कोपऱ्यात उभ्या राहून बघू लागल्या. एक धट्टाकट्टा माणूस आला. त्याला अशक्तपणा वाटत होता आणि सलाइन हवं होतं. हा माणूस त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. सलाइनसाठी तो त्यांच्या दवाखान्यात दर आठवड्याला भांडायचा. राजानंदने त्याला सुरी दाखवली, वाटी दाखवली. माणूस हात मागे बांधून, थँक्यू म्हणून गेला.

डॉक्टर तृप्तींनी खाली पडलेली नळी उचलून राजानंदच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "सर, हे सामान महिनाभर आमच्या दवाखान्यात लावाल का? माझ्या बाकड्यांवर जागा न्हाई, आन खरा आजारी माणूस दारात उभा राहून राह्यला."

प्रदर्शन दवाखान्यात गेलं. वहीतली नावं मोजून तपासणीवाल्यांनी वाचनालयाला शाबासकी दिली आणि कुलपाचा विषय मागे पडला. अण्णांनी तर 'आरोग्यदूत' म्हणून आपला सत्कारही करवून घेतला. दवाखान्यातली गर्दी ओसरली. ते आकडे पाहून लोकांची तब्येत सुधारली, असा वरच्या कचेरीने निष्कर्ष काढला आणि डॉक्टर तृप्तींनी मागितलेला दुसरा डॉक्टर नामंजूर केला.

महिना संपत आला तेव्हा राजानंदला ताप भरला. बायकोने दोन दिवस वाट पाहिली आणि त्याला दवाखान्यात पिटाळलं. तो कण्हत पायऱ्या चढला. दारातच त्याची सुरी होती, वाटी होती, आणि शेजारी त्याच्याच वळणदार अक्षरातला कागद: 'ताप: प्रथम शीर कापून रक्त काढीत.' हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी त्याने शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"या सर," प्रभावती सिस्टर आतून म्हणाल्या. "काय होऊन राह्यलं?"

"काही न्हाई," राजानंद म्हणाला. "प्रदर्शन बघायला आल्तो."

सिस्टरनी रिकाम्या बाकड्यांकडे पाहिलं.

"सगळे तेच म्हणून राह्यले," त्या म्हणाल्या.