निवळू द्या, वामनराव!

वामनराव काळे आयुष्यात कधी धावत्या गाडीत चढले नाहीत. उभ्या गाडीतही ते सहसा चढत नसत. खामगावहून जलंबला जाणारी आमची छोटी गाडी फलाटाला लागली, की ते मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसून राहत. लोक चढत, गाठोडी चढत, कुणाचं तरी लेकरू खिडकीतून आत ढकललं जाई. "गर्दी निवळू द्या जरा," वामनराव म्हणत. गर्दी निवळे, फलाट मोकळा होई, वामनराव उठून धोतर झटकत आणि तेवढ्यात गाडी निघे. मग ते पुन्हा बसत. राग नाही, चुकचुकणं नाही. "पुढची गाडी रिकामी असते," हे ते इतक्या खात्रीनं सांगत, की दोनदा मला ते खरं वाटलं आणि मीही त्यांच्यासोबत थांबलो. दोन्ही वेळा जलंबला पुढची मेल चुकली.

मी तेव्हा हायस्कुलात गणित शिकवत होतो. वामनराव माझे शेजारी. आमच्या घरांमध्ये एक भिंत आणि दोन्ही घरांपुढे मिळून एकच ओटा. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते, आणि त्यांच्या टेबलावर आलेला कागद घाईघाईनं पुढे गेला, असा आरोप त्यांच्यावर कुणी कधी केला नाही.

चहा समोर आला की ते त्यावर साय धरेपर्यंत बघत बसत. गल्लीत वीज आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पहिल्या महिन्यातच तारा ओढून घेतल्या. वामनरावांकडे चार वर्षं कंदीलच. "तिले अजून गावाची सवय नाही झाली," असं ते विजेबद्दल सांगत, नव्या सुनेबद्दल सांगावं तसं. वर्तमानपत्र ते माझंच वाचत, पण तीन दिवसांनी. मी एकदा ताजा अंक पुढे केला तर हात मागे घेतला.

"ताजी बातमी कच्ची असते मास्तर. तीन दिवस राहू द्या. खोटी असली तर छापणाराच सांगते."

आता असा शेजारी लाभल्यावर माझ्यासारख्या माणसाची जीभ स्वस्थ बसणं कठीण होतं. मला चार माणसांत हशा पिकवायची भारी हौस. ओट्यावर संध्याकाळी मंडळी जमली की मी वामनरावांची नक्कल करी. कुणाची म्हैस व्यायला झाली तरी मी म्हणायचो, "निवळू द्या!" लोक हसत, वामनरावही हसत. हसताना ते तोंडावर उपरणं धरत, कारण पुढचे दोन दात नव्हते. ते बसवून घ्यायचंही त्यांनी निवळायला ठेवलं होतं.

त्यांना एकच मूल, शालू. वामनरावांची बायको अबोल, स्वतः वामनराव सावकाश, त्यामुळे त्या घरात ऐकू येई तो आवाज शालूचा. तीच बापाला तीन दिवसांपूर्वीचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवी आणि बापाचं मत पडायच्या आत स्वतःचं मत देऊन टाकी. माझ्या वर्गात गणिताला तिच्यासारखी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. मॅट्रिकला शंभरात ब्याण्णव मार्क. निकालाच्या दिवशी पेढा द्यायला आली आणि म्हणाली, "गुरुजी, मले बी.एस्सी. करायचं आहे. मंग तुमच्यावानी गणित शिकवीन." मी तिला माझं बीजगणिताचं जाड पुस्तक वाचायला दिलं. कॉलेज गावातच होतं, घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर.

पण ते साल महाराष्ट्र झाला ते. त्याच्या चार वर्षं आधी आमचा वऱ्हाड नागपूरच्या राज्यातून काढून मुंबईच्या राज्यात घातला होता. ती शिवण पक्की व्हायच्या आत हे नवं राज्य आलं. गावात काही जण पेढे वाटत होते, तर विदर्भ वेगळा पाहिजे म्हणणारे तोंड पाडून फिरत होते. वामनरावांना कचेरीत साहेबांच्या हातून पेढा मिळाला. तो त्यांनी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. नवं राज्य जरा रुळू दे, मग खाऊ. चार दिवसांनी मुंग्यांनी खाल्ला.

त्यांच्या भीतीला आधार नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. मागच्या बदलात त्यांचं सर्व्हिस बुक मुंबईला गेलं ते दीड वर्ष परत आलं नाही. दीड वर्ष हा माणूस सरकारच्या लेखी जन्मलेलाच नव्हता. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून एका तारेनिशी बदली होऊन पुण्याला गेला आणि तिथली आमटी गोड म्हणून रडकी पत्रं पाठवू लागला.

त्या जूनमध्ये ओट्यावर रोज हाच विषय. समोरचे रामभाऊ जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांचा मुलगा कॉलेजात पहिल्या वर्षाला होता आणि काळजीत ते वामनरावांच्या बरोबरीनं होते.

"आता विद्यापीठ नागपुरातच राहते का मुंबईले नेतीन हो?" रामभाऊ.

"नेलं तर नेलं, पण आधीच्या मार्कांचं काय?" वामनराव. "अर्धे मार्क या राज्याचे, अर्धे त्या राज्याचे. डिगरी देईन कोण?"

"पुण्याचे प्रोफेसर येतीन म्हणतात. आपल्या पोराइनं तोंड उघडलं का हसतीन."

"अन् मोर्चे निघाले तर? पोरगं मोर्चात गेलं तर समजलं, पोरीच्या जातीनं काय कराव?"

असं चाले. मी मधूनमधून एखादी फोडणी टाकी. आता प्रिन्सिपॉल सचिवालयातून येणार, हजेरी मोडी लिपीत घेणार, असलं काहीतरी. दोघे बाप क्षणभर खरंच घाबरत आणि मग बाकीचे हसले की हसत.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला. शालूनं फॉर्म स्वतःच भरला होता. बापाची सही तेवढी राहिली होती. सकाळी आठच्या सुमाराला आम्ही चारपाच जण ओट्यावर होतो. वामनराव आतून आले. हातात चार घड्या घातलेला फॉर्म. सदरा उलटा घातला होता. मी ते पाहिलं, आणि या माणसाला रात्री झोप लागलेली नाही, हेही पाहिलं. दारात शालू उभी होती.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले. एक साल थांबलं तर काय बिघडते? सांगा."

ते विचारत होते. खरोखर विचारत होते. माझ्या विद्यार्थिनीबद्दल, मला. उत्तर मला येत होतं. फार बिघडतं वामनराव, मुलीचं एक वर्ष एक वर्षात संपत नाही, करा सही. एवढंच म्हणायचं होतं. पण चार माणसं बसली होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते वाक्य जिभेवर आयतं बसलेलं.

"निवळू द्या, वामनराव!" मी म्हणालो.

काय हसले लोक! रामभाऊंना ठसका लागला. वामनराव हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, फॉर्म खिशात ठेवला आणि कचेरीत निघून गेले. मी दारात बघितलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

संध्याकाळी शालू माझं पुस्तक परत करायला आली. तिनं तेवढ्यात त्याला खाकी कव्हरही घातलं होतं.

"अगं, ठेव की तुझ्याकडे," मी म्हणालो.

"काऊन ठेवू? बाबा म्हणाले, पुढच्या साली पाहू. मास्तरही हेच म्हणाले म्हणे."

"मी गंमत केली गं."

"हाव," ती म्हणाली. "मी ऐकलं ना."

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जाऊन प्रिन्सिपॉलना भेटू शकलो असतो. ओळख होती. एखाद्या दिवसाचा उशीर त्यांनी चालवून घेतला असता. मी गेलो नाही. आपण आता मध्ये पडलो तर वामनरावांना कसं वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच, की आपली चूक झाली हे ओट्यावरच्या माणसांसमोर कबूल करायला मला लाज वाटत होती.

कॉलेज सुरू झालं. विद्यापीठ नागपुरातच राहिलं. पुण्याचे प्रोफेसर आले नाहीत, जुनेच होते, तेच कोट घालून. घंटा तीच होती आणि ती वाजवणारा शिपाईही तोच. एक मोर्चा निघाला, तो बाजारापर्यंत गेला आणि उसाचा रस पिऊन परतला. रामभाऊंचा मुलगा पास होऊन पुढच्या वर्षाला गेला. आमच्या गल्लीतून दोन मुली वह्या छातीशी धरून रोज कॉलेजला जात. त्या वेळी शालू ओट्यावर धान्य निवडत बसलेली असे, आणि त्या कोपऱ्यावर दिसल्या की सूप उचलून आत जाई.

पुढच्या जूनपर्यंत कुणी थांबलंच नाही. फाल्गुनात लोणारचं स्थळ आलं. बसस्टँडजवळ किराण्याचं दुकान, माणसं चांगली, मुलगा निर्व्यसनी. मुलगी वर्षभर घरीच आहे, तर बसवून कशाला ठेवायची, असं नातेवाईक म्हणाले, आणि त्या घरात उलट बोलणारी जी एक होती ती या वेळी काहीच बोलली नाही. वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी वामनराव मोटारीच्या मागे चालत सरकी बाजारापर्यंत गेले. जावई खाली उतरून म्हणाले, "आता फिरा मामा." तेव्हा फिरले.

त्या वर्षभरात ओट्यावरची बैठक मोडली. कुणी मोडली नाही, हळूहळू माणसं येईनाशी झाली. मी माझ्या नकला बंद केल्या होत्या, आणि वामनराव संध्याकाळी घरात दिसत नसत. मला वाटलं, देवळात जात असतील.

मग तो पुढचा जून आला. मला शाळेच्या कामानं कॉलेजात जावं लागलं. प्रवेशाचे दिवस. खिडकीपुढे ही झुंबड. आणि व्हरांड्याच्या टोकाला, खाली सतरंजी अंथरून, दौत-टाक घेऊन वामनराव बसले होते. त्यांच्यासमोर खेड्यापाड्यांतली आठदहा माणसं. इंग्रजी फॉर्म ज्यांना उलगडत नाही अशांचे फॉर्म ते भरून देत होते. अर्जित रजा काढून. शिपाई म्हणाला, "वर्षभर संध्याकाळी इथंच येऊन बसे. हे फॉर्माचं पाच दिवस झाले. चहाही घेत नाही म्हातारा."

पिंपळगाव राजा या गावचा एक शेतकरी मुलीला घेऊन उकिडवा बसला होता. मुलगी काळीसावळी, केसांना चपचपीत तेल, नजर फॉर्मावर.

"मी म्हणतो पुढच्या साली पाहू," शेतकरी म्हणाला. "लोक म्हणतात सरकार अजून काय काय बदलवून राह्यलं. कॉलेजाचं काही खरं नाही."

वामनरावांनी टाक खाली ठेवला. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधीच ऐकला नव्हता.

"काही बदलत नाही बाप्पा! मी वर्षभर पाह्यलं ना. हेच मास्तर, हीच घंटी. कॉलेज जागच्या जागी राहते, पोरगी राहत नाही. आज सही करा. इथं. आत्ता."

शेतकऱ्यानं घाबरून सही केली. मुलीनं फॉर्म उचलला आणि पळतच खिडकीकडे गेली, बाप पैसे घेऊन मागे.

वामनरावांनी मला पाहिलं आणि सतरंजीवर थोडं सरकून जागा केली. मी बसलो. जे वर्षभर बोललो नव्हतो ते तिथे बोललो. "वामनराव, त्या दिवशी मी तुमची गंमत केली. तुम्ही खरं विचारत होतात. माझं चुकलं."

"मले ठाऊक होतं तुम्ही गंमत करून राह्यले म्हणून," ते म्हणाले. ते टाकाचं टोक कागदाला पुसत होते. "मी काय येडा आहो? पण मले कोणीतरी हो म्हणाव, एवढंच पाह्यजे होतं."

त्यांनी टाक दौतीशेजारी ठेवला.

"राज्य-बिज्य काही नव्हतं मास्तर. डोकं होतं तिले. इथलं झालं असतं का नागपूरले गेली असती, तिथून आणखी कुठं. घरात आवाज तिचाच होता. मनात म्हटलं, अजून एक साल ऐकून घेऊ."

एक म्हातारी नातीचा हात धरून समोर येऊन उभी राहिली. वामनरावांनी तिच्या हातातला फॉर्म घेतला, पण डोळे भरले होते, त्यांना अक्षर दिसेना. त्यांनी तो माझ्याकडे दिला.

मी मुलीला नाव विचारलं आणि लिहायला लागलो.