सेतुमाधवरावांचं मनगट

ती ग्रँट माझ्या खिशात होती, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

मी यामिनी. चेन्नईतल्या एका संशोधन संस्थेत घड्या घालते. साड्यांच्या नव्हे, केसाच्या हजाराव्या भागाइतक्या पातळ पापुद्र्यांच्या. पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांना न दिसणारे चुंबक बसवायचे. घडी पडताना ते एकमेकांना ओढतात आणि काठाला काठ जुळतो. कित्येक दिवसांत एक घडी चुकली नव्हती. त्यात ग्रँट द्यायची की नाही हे ठरवायला आले सेतुमाधवराव, तंजावरकडचे मराठी.

"तुम्ही आमचीं माणसं," ते म्हणाले. "दाखवा, घडी कशी घालतां."

दारावर ठळक पाटी आहे: चुंबक आणि लोखंडी वस्तू आत आणू नयेत. माझ्या विद्यार्थिनीने, रंजनीने, त्यांचा मोबाईल, किल्ल्या, घड्याळ काढून घेतलं. मी मायक्रोस्कोपचा पडदा सुरू केला. पापुद्रा थेंबभर पाण्यात ऐटीत वळू लागला. सेतुमाधवराव बघायला वाकले आणि घडी तिरकी पडली.

"अशी तर आमची बायको हेमावतीही घालते."

मी रंजनीकडे जळजळीत पाहिलं. दुसरा पापुद्रा घेतला. ते वाकले, घडी उलगडली. मी एसी बंद केला, टेबलाखाली रबर सारलं, रंजनीला श्वाससुद्धा बेताने घ्यायला सांगितलं. तिसऱ्याचा समोसा झाला. मग सेतुमाधवरावांनी चूक दाखवायला हात पुढे केला, तर कोवलमच्या मांजराने मासळीच्या टोपलीमागे जावं तसा पापुद्रा त्यांच्या हातामागे निघाला.

"सर, हातात काय आहे?"

त्यांनी बाही वर केली. काळ्या मण्यांचं जाडजूड ब्रेसलेट.

"मॅग्नेट. मांबलम स्टेशनाबाहेर मिळतें. बीपीस उत्तम."

"दारावर पाटी आहे, सर."

"वाचली. पण हें तर औषध."

"काढा."

"काढलें तर बीपी चढेल."

"नाही काढलं तर माझं चढेल."

अखेर रंजनी ते ब्रेसलेट घेऊन पार जिन्यापर्यंत गेली आणि इकडे घडी पडली ती अशी, की काठ शोधून सापडेना. सेतुमाधवराव खुर्चीत टेकून, स्वतःची नाडी धरून, "सरी, सरी," असं तमिळमधलं 'बरं, बरं' म्हणत मान डोलवत राहिले. मी जिंकले होते.

पुढच्या आठवड्यात आमच्या संचालक वाणी मॅडमनी बोलावलं.

"ग्रँट मंजूर. सेतुमाधव सर भारावलेत. एवढंसं ब्रेसलेट, काचेपलीकडचा पापुद्रा नाचवतं म्हणाले. विषय तेवढा बदललाय. आता ब्रेसलेटवर संशोधन करायचं. प्रमुख तुम्ही."

"मॅडम, मी घड्यांवर आयुष्य घातलंय. हा माझा अपमान आहे."

"त्यात नवा मायक्रोस्कोप बसतो."

मी तडक सही केली. रागानेच केली, हे नोंदवून ठेवते.

हल्ली प्रयोगाचा भाग म्हणून एक ब्रेसलेट माझ्या हातात असतं. आणि माझं बीपी उतरलंय. ग्रँट आल्यामुळे असेल, पण रंजनीला कृपा करून सांगू नका.