काच बाहेरून बघायची राहिली

दुपारचे तीन वाजले आणि दुकानाच्या दर्शनी काचेमागे बसलेल्या हंसाने मान टाकली. हंस मेणाचा होता. मेणबत्तीवाल्याच्या बायकोने सकाळचे चार तास खपून तो घडवला होता. मान खाली येता येता चोच शेजारच्या गुलाबाला टेकली, आणि तो गुलाबही तोवर कोबीसारखा दिसायला लागला होता. दुकानाचं तोंड पश्चिमेला होतं, आणि या गावात एक उन्हाळा संपला म्हणेपर्यंत दुसरा सुरू होत असे.

बायको चिडली असती तर मेणबत्तीवाल्याला बरं वाटलं असतं. ती शांत होती.

"हा या आठवड्यातला सहावा," ती म्हणाली. "शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा निघालीय. महिनाअखेरीला कळवायचंय. मी हो म्हणते."

"आणि दुकान?"

"तुम्ही आहात की. साध्या मेणबत्त्यांची पाकिटं ठेवा. त्या वाकल्या तरी कुणी विचारत नाही."

अकरा वर्षं मेणबत्तीवाला पुढे गल्ल्यावर बसायचा आणि ती पडद्यामागे मेण ओतायची. दिवसभर पडद्यातून दोघांचं बोलणं चाले, निम्मं भांडणाचं. पाकिटांशी भांडता येत नाही. महिनाअखेरीला तीन आठवडे होते. तेवढ्यात ऊन आवरलं नाही तर ती जाणार आणि तो त्या दुकानात एकटा बसणार, हे त्याला लख्ख दिसलं. त्याने त्याच संध्याकाळी काचवाल्याला गाठलं.

काचवाला नमुने घेऊन आला. तळहाताएवढे तुकडे, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मेणबत्तीवाल्याची स्वतःची एक परीक्षा होती. तुकडा उन्हात धरायचा, त्याच्यामागे गाल न्यायचा आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. साध्या काचेमागे गाल चाळिसाव्या आकड्याला भाजला. तपकिरी काचेने नव्वदपर्यंत तग धरला, पण तिच्यातून पांढरे हंस कावीळ झाल्यासारखे दिसायला लागले. मग दुहेरी काच निघाली, दोन काचांच्या मध्ये हवा कोंडलेली. तिच्यामागे गाल शंभरानंतरही गार होता. मात्र ती मापाप्रमाणे बनवून यायला सहा आठवडे लागणार होते. शेवटी काचवाल्याने एक चकचकीत तुकडा काढला. ही ऊन आल्या वाटेने परत पाठवते आणि परवा बसवता येईल, असं त्याने सांगितलं. गाल शंभर टिकला. आतून रस्ताही स्वच्छ दिसत होता.

"एकदा बाहेर उभं राहून बघून घ्या," काचवाला म्हणाला.

"मी आत बसतो, हंस आत बसतात. बाहेरून बघून काय करू?"

काचवाल्याने हे दोनदा सुचवलं. तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं नाही, असा त्याच्या धंद्याचा नियम असावा.

काच बसली. त्या दुपारी तीन वाजले, चार वाजले, तरी हंस ताठ. मेणबत्तीवाला इतका खूश झाला की त्याने हंसाच्या मानेला फूटपट्टी लावून बायकोला दाखवली. आणखी आनंदाची गोष्ट म्हणजे रस्त्याने जाणारी माणसं आता दुकानापुढे थांबायला लागली होती. बँकेतला कॅशियर थांबला, बराच वेळ एकटक बघत राहिला. मेणबत्तीवाल्याने त्याला हसून मान डोलावली. कॅशियरने खिशातून कंगवा काढला आणि डोक्यावर उरलेले केस डावीकडून उजवीकडे नेऊन घातले. मग दवाखान्यातली नर्स आली, तिने सगळे दात दाखवले. मेणबत्तीवाल्यानेही दाखवले. वाहतूक हवालदाराने पोट आत ओढलं, पट्टा एक भोक पुढे सरकवला आणि दोन पावलं जाईपर्यंत श्वास कोंडून धरला. आत मात्र दोन दिवसांत कुणी आलं नाही.

"लोक थांबतात, बघतात, आणि जातात," तो म्हणाला.

"आपल्याला नाही बघत," बायको पडद्याआडून म्हणाली. "स्वतःला बघतात."

मेणबत्तीवाला रस्त्यावर गेला. समोर एक जाडा, घामेजलेला माणूस त्रासिक चेहऱ्याने त्याच्याकडे बघत उभा होता. तो बाजूला होईना, तेव्हा कुठे मेणबत्तीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दोन्ही हातांचा आडोसा करून काचेला नाक चिकटवलं. ना हंस, ना गुलाब. दुकान बंद पडून त्याजागी कुणी भलामोठा आरसा उभा करून गेल्यासारखं दिसत होतं. तो बराच वेळ तसाच नाक चेपून उभा राहिला. आतून बायको बघत होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग उपाय सुरू झाले. त्याने काचेवर 'दुकान उघडे आहे' असा कागद लावला. लोक तो वाचायचे आणि त्याच्या शेजारी भांग नीट करायचे. त्याने दार सताड उघडं ठेवलं, तर दारातून ऊन आत आलं आणि दोन हंस पुन्हा आडवे झाले. शेवटी तो स्वतःच बाहेर खुर्ची टाकून बसला. एका बाईने त्याला विचारलं की दुकान कधी उघडणार. दुसऱ्या एकाने त्याला पहारेकरी समजून आपली सायकल सांभाळायला सांगितली. त्याने ती अर्धा तास सांभाळली. उन्हात बसून त्याची स्वतःचीच मान टाकायची वेळ आली.

महिना संपत आला. काच काढून पुन्हा साधी बसवावी, निदान दुकान दिसेल तरी, असं त्याने ठरवलं आणि काचवाल्याला निरोप धाडला. काचवाल्याने नेमका महिन्याचा शेवटचा दिवस दिला. बायको दिवसभर पडद्यामागे असायची. टेबलावर काहीतरी फडक्याखाली झाकलेलं असायचं आणि तो आत डोकावला की ती फडकं नीट करायची. उरलेलं मेण संपवून टाकतेय, त्याने मनाशी म्हटलं. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

शेवटच्या दिवशी काचवाला येता येता संध्याकाळ झाली. मेणबत्त्यांचं असूनही हे दुकान नेहमी अंधार पडायच्या आत बंद होत असे. त्या दिवशी मात्र काचवाल्याला काम करता यावं म्हणून मेणबत्तीवाला दिवे लावायला उठला. तेवढ्यात बायको मोठा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्यातली एकेक वस्तू काचेमागच्या फळीवर मांडायला लागली. वीतभर उंचीची मेणाची माणसं होती. एक टकलावर कंगवा फिरवत होतं, एक सगळे दात दाखवत होतं, एकाने पोट आत ओढून श्वास कोंडला होता.

"हे काय?"

"अडीच आठवडे समोर येऊन उभे राहतायत. हंस करून करून हात आंबले होते माझे. गंमत म्हणून केले."

"इथे कशाला मांडतेस? ते लोक बघतील की."

"काच निघेपर्यंत बाहेरून दिसतंय कुठे?" ती म्हणाली.

त्याने दिवे लावले.

काचवाला रस्त्यावरच थांबला आणि हातवारे करायला लागला. बाहेर अंधार आणि आत उजेड झाला की ही काच उलटी फिरते, हे त्याला माहीत होतं. यांनी विचारलंच नव्हतं. आता सगळं दुकान रस्त्याला दिसत होतं, आणि बँकेतून घरी निघालेला कॅशियर सवयीने कंगवा काढून काचेपुढे उभा होता. त्याचा हात डोक्यावर तसाच राहिला. काचेमागच्या पुतळ्याचाही तसाच होता.

दार ढकलून तो आत आला. त्याच्यामागे हवालदार आला, आणि गणवेशातल्या हवालदाराला बघून मेणबत्तीवाल्याला दरदरून घाम फुटला. पडदा, मागचं दार, बायकोचा हात, सगळं एका नजरेत मोजून तो माफीचे शब्द जुळवायला लागला. कॅशियरने आपला पुतळा हातात घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, केस जरा वाढवता येतील का?"

"आणखी किती?"

"कानापर्यंत. आमच्या घरी एक द्यायचाय, आणि एक बँकेत ठेवतो."

हवालदाराचं म्हणणं एवढंच होतं, की पोट अजून थोडं आत जाऊ शकतं. त्याने तिथल्या तिथे ओढून दाखवलंही. नर्स आली, तिच्यामागून आणखी काहीजण आले, आणि आपण या फळीवर का नाही असं त्यांतल्या दोघांनी जरा फुगूनच विचारलं. काचवाल्याने पिशवीतली हत्यारं बाहेर काढली होती, ती मुकाट्याने परत ठेवली. बायको कागदावर नावं लिहून घेत होती. मेणबत्तीवाल्याने धीर करून शाळेला काय कळवायचं ते विचारलं.

"एवढं काम टाकून जाऊ कुठे?" ती लिहिता लिहिता म्हणाली.

त्याने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या नर्सने त्याची नाडी बघितली. मग त्याचं लक्ष फळीच्या कोपऱ्यात गेलं. तिथे एक जाडा माणूस उभा होता. दोन्ही हातांचा आडोसा, चेपलेलं नाक, आणि पुढे आलेलं भलंमोठं पोट.

"माझं पोट एवढं नाहीये," तो म्हणाला.

"दुरुस्तीसाठी रांग आहे," बायको म्हणाली. "तुमच्याआधी सहाजण आहेत."

मेणबत्तीवाला गल्ला सोडून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. बायको तिथूनही दिसत होती.