अंगठ्याला खिडकीची सीट

१४ मार्च, शनिवार. वर्षाच्या तिखटासाठी भिवापुरी मिरच्यांची देठं खुडत मी अंगणात बसले होते. शेजारचे देवरावकाका लंगडत फाटकाशी आले. उजव्या बुटाचं टोक कापलेलं, त्यातून अंगठा बाहेर.

काका उमरेड बसचे निवृत्त कंडक्टर. बुटाबद्दल कुणी विचारलं की सांगतात, "त्याले खिडकीची सीट देली. गर्दीत दबून राह्यला होता बिचारा."

नख कडेनं मांसात रुतलेलं. हळद झाली, मेण झालं, दवाखाना मात्र नाही. आज पू दिसला.

"काका, तुम्हाला शुगर आहे. अंगठा जाईल."

"जाऊ द्या. नऊ राह्यतात ना!"

मी मिरच्या झाकल्या, हात धुतले आणि त्यांना स्कूटीवर बसवलं.

डॉक्टरांनी अंगठा बधिर करून नखाची रुतलेली पट्टी मुळापासून काढली. तेवढ्या वेळात काका नर्सला दोनदा म्हणाले, "पुढे सरका बाई, मागं जागा नाही."

बँडेज बांधताना डॉक्टरांनी विचारलं, "नखं कोण कापतं? कोपऱ्यात इतकं खोल जायचं नसतं. सरळ कापायची."

काका छताकडे पाहू लागले. "बायको कापे. दर रविवारी."

ते मी पाहिलेलं होतं. काका ओट्यावर मोठ्यानं पेपर वाचायचे, काकू त्यांचा पाय मांडीवर घेऊन ओरडायच्या, "हलू नका ना जी!" काकू दिवाळीत गेल्या.

"आता पोट मधात येते," काका म्हणाले. "दिसत नाही. चाचपून कापतो. खोल कापलं का लवकर वाढत नाही. दोन-तीन रविवार टळतात."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या कशा घ्यायच्या ते मी वाटेत समजावलं.

रविवारी सकाळी उठले तेव्हा मिरचीनं बोटं अजून जळत होती. बोटांना तेल चोळलं, नेलकटर घेतलं आणि काकांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काहून वं ताई?"

"पाय इकडे करा. आणि पेपर वाचा, मोठ्यानं."

काकांनी पेपर उघडला. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

नऊ नखं कापली. सरळ.