असामोआंच्या चेहऱ्यावरचा तजेला

असामोआ वारले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा बोआची कॅनडात अडकलेला. त्याच्यासाठी गावातल्या व्हिडिओवाल्या अँट्वीने अंत्यविधीचं चित्रण केलं होतं. ते पाठवण्याआधी पाहायला अँट्वीच्या स्टुडिओत असामोआंची बहीण येऊन बसली. घानातलं ते सगळं मामपोंग गाव तिला आत्याच म्हणे. शेजारी होती सेर्वा, तीन वर्षं बापाचं सगळं अंथरुणात करणारी लेक.

"दादाला केन्टेचं मानाचं वस्त्र नेसवून पितळी पलंगावर निजवलंय, आणि दिसतोय कसा, तर गोदामात टाकल्यासारखा," आत्या म्हणाली. "मयतालाही शोभा लागते रे."

अँट्वीने उजेड वाढवला.

"अजून."

त्याने रंग चढवले, त्वचेच्या रंगाला जरा लालसर ऊब दिली. असामोआ इतके टवटवीत दिसू लागले की आत्याने रुमाल डोळ्यांना लावला. "लग्नातही इतका छान दिसला नव्हता."

दुसऱ्या दिवशी बोआचीचा फोन आला.

"ताई, बाबा आजारी होते ना?"

"तीन वर्षं."

"हे आजारी माणसाचं तोंड आहे? माझ्यापेक्षा तब्येत बरी दिसतेय. नक्की काय झालं होतं त्यांना?"

सेर्वाने फोनच ठेवून दिला. एवढी उस्तवार केली, आणि सख्ख्या भावाचा संशय वाट्याला आला. ती आत्याला घेऊन तडक स्टुडिओत गेली. घाबरलेल्या अँट्वीने ऊब काढली, ती जरा जास्तच काढली, आणि चित्रण पुन्हा पाठवलं. लगेच फोन.

"बाबांचे ओठ निळे कसे? कुणी काही खायला घातलं का? आत्याही निळीच दिसतेय."

आत्याने फोन हिसकावला. "मग मलाही विष घातलंय म्हण. मेलेय मी. ठेव फोन."

"अँट्वी," सेर्वा म्हणाली, "कॅमेऱ्यातून निघालं तसंच पाठव."

या वेळी फोन उशिरा आला. सेर्वाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाबा फार वाळले होते गं," बोआची म्हणाला.

"हो."

"आणि उशाशी बसून माश्या वारतेय, ती म्हातारी कोण?"

आत्याने मान खाली घातली.

"मीच ती," सेर्वा म्हणाली.

अँट्वीने अवघडून हळूच विचारलं, "ताई, तुमच्या चेहऱ्यापुरता थोडा उजेड वाढवू का?"

"नको," ती म्हणाली. "बघू दे त्याला."