पाकोळ्यांचा बंगला

मुलांनो, चारचौघांत हात वर करून प्रश्न विचारायची भीती तुमच्यापैकी कुणाकुणाला वाटते? खरं सांगायचं. वाटत असेल त्यांनी हात वर करा.

बघा, एकही हात वर नाही. माझाही नाही. म्हणजे ही गोष्ट आपल्या सगळ्यांचीच आहे. नीट मांडी घालून बसा.

एका जंगलात एक वाडी होती. जंगल इथलं नव्हे हं. समुद्रापार इंडोनेशिया म्हणून देश आहे, त्यातल्या बोर्निओ बेटावरचं. वाडीला रस्ता नव्हता. नदी होती. पाणी असलं तर होडी यायची, नसलं तर नाही. मोबाइलला रेंज मिळायची ती एकाच झाडाच्या शेंड्यावर. ज्याला चढता येत नसे त्याला निरोप मिळत नसत, आणि त्याचं काही अडतही नसे. ड्युरियन नावाचं फळ तिथं रग्गड पिकायचं. आपल्या फणसाचा चुलतभाऊच म्हणा, फक्त आंघोळीचा कंटाळा असलेला.

वाडीच्या टोकाला चुनखडीची गुहा होती. तिच्या तोंडाशी खवलेकाकू राहायच्या. काकू म्हणजे खवलेमांजर. अंगभर खवले, हातभर जीभ आणि स्वभाव गरीब गाईचा. मुंग्या खायच्या, त्यासुद्धा मनातल्या मनात माफी मागून.

गुहेच्या छताला पाकोळ्यांची वस्ती होती. पाकोळ्या म्हणजे भिरभिर उडणारे चिमुकले पक्षी. दिवसभर डास-चिलटं टिपायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गलका करायच्या. त्यांची शीट खाली पडे, शिटेवर मुंग्या येत आणि मुंग्यांवर काकूंचं भागे. दारात एक सपाट दगड होता. तो काकूंचा उंबरा. जाता-येता काकूंचं पोट घासून त्याला मधोमध खळगा पडला होता.

काकूंना एकच खोड होती. घाबरल्या की त्यांचा गोळा व्हायचा. बिबट्या दिसला की गोळा, हे ठीकच. पण कुणी नुसतं "काकू, तुमचं काय मत?" असं विचारलं तरी गोळा.

आणि त्या वाडीची रीत अशी, की मतं मोजायची नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून राहायचं. कुणी बोलेनासं झालं की एकमत झालं. सभा लवकर आटपाव्यात म्हणून सगळे लवकर गप्प बसत. काकूंचा गोळा तर सरपंचांना फार आवडे. सरपंच म्हणजे तांबडेअण्णा, ओरांगउटान. ते म्हणायचे, "मान तर सगळेच डोलावतात. काकू अख्ख्या अंगानं होकार देतात."

एकदा होडीतून शहरातला पाहुणा आला. पांढराशुभ्र, डोक्यावर तुरा. काकाकुवासाहेब. सभा बसली.

"मंडळी," साहेब म्हणाले, "तुम्ही सोन्याच्या ढिगावर बसला आहात!"

घोरपडमावशीनं शेपूट उचलून खाली पाहिलं. "चिखल आहे," ती म्हणाली.

"मावशी, तुमची नजर जवळची. जरा लांबचं बघा. पाकोळी लाळेनं घरटं बांधते. त्या घरट्याचं सूप शहरातले श्रीमंत लोक पितात."

"थुंकीचं सूप?" मावशी म्हणाली. "आणि अडाणी म्हणे आम्ही!"

"या वाडीत गुंतवणुकीला फार वाव आहे," साहेबांनी तुरा फुलवला. "पाकोळ्यांसाठी पक्का बंगला बांधा. खिडकी ठेवायची नाही. आत अंधार हवा, गारवा हवा, ओल हवी. वर कर्णा लावायचा. कर्ण्यातून पाकोळ्यांचा आवाज सोडायचा. आवाज ऐकून पाकोळ्या येतील, घरटी बांधतील. तुम्ही नुसतं बसून खायचं."

"बसून तर आम्ही आत्ताही खातो," अण्णा म्हणाले.

"तो आळस, अण्णा. हे उत्पन्न."

अण्णांना फरक कळला नाही, पण शब्द आवडला.

काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या. अंधार, गारवा, ओल. हे कुठंतरी पाहिल्यासारखं त्यांना वाटत होतं. कुठं बरं? रोज पाहिल्यासारखं. त्यांनी पंजा अर्धा वर केला.

"काकू, काही म्हणायचंय का?" अण्णांनी विचारलं. सगळ्या माना मागे वळल्या.

काकूंचा गोळा झाला.

"काकूंचा पाठिंबा आहे," अण्णा म्हणाले. "एकमत!"

आता कर्ण्यासाठी आवाज हवा होता. काकाकुवासाहेब यंत्र घेऊन थेट काकूंच्या दारात आले. "बाई, जरा गप्प बसा. आवाज टिपायचाय." गप्प बसणं काकूंना उत्तम जमत असे. साहेबांनी गुहेत यंत्र धरलं. पाकोळ्यांनी गलका केला. साहेबांनी डोळे मिटले. "वा! असा अस्सल आवाज शहरातही मिळायचा नाही."

काकूंनी करवंटीतून पाणी दिलं आणि सगळा धीर गोळा करून विचारलं, "साहेब, पण या... या पाकोळ्याच ना?"

"या गावठी," साहेब पाणी पीत म्हणाले. "आपल्याला गुंतवणुकीच्या हव्यात."

काकूंना आपल्या अडाणीपणाची लाज वाटली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. त्या वाडीत तर पिकतं ते दिसतही नव्हतं.

मग प्रश्न आला दगडांचा. चांगला दगड जवळपास एकाच ठिकाणी होता.

"काकू, तुमच्या गुहेचा थोडा दगड घेऊ ना?" अण्णांनी भर सभेत विचारलं. "तुमची हरकत असेल तर स्पष्ट सांगा."

स्पष्ट सांगा म्हटल्यावर काकूंचा गोळा नेहमीपेक्षा घट्ट झाला.

"काय मोठं मन!" घोरपडमावशीनं डोळे टिपले.

काम इर्जिकीनं झालं. म्हणजे साऱ्या वाडीनं फुकट राबायचं आणि ज्याच्या दारात काम चाललंय त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. काम काकूंच्या दारात. तेव्हा काकूंनी आपलं घर फोडणाऱ्यांना रोज मुंग्यांची चटणी केली. कुणी आणखी मागितली की त्यांना बरंही वाटे. पहिल्या दिवशी उंबरा गेला. सपाट होता, म्हणून बंगल्याच्या पायरीला लागला. मग भिंत गेली, मग छताचा कोपरा. गुहेत ऊन आलं.

आत ऊन आल्यावर पाकोळ्यांनी एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि त्या नदीपलीकडच्या डोंगराकडे निघून गेल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे वर बंगल्याला कर्णा बसवत होते.

बंगला झाला. देखणा झाला. वाडीत एवढं उंच घर कुणाचंच नव्हतं. कर्णा सकाळ-संध्याकाळ वाजू लागला. सगळे माना वर करून बसले.

पाकोळ्या आल्या नाहीत. डास आले. डासांना खाणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून भरपूर आले. वाडीचा अर्धा वेळ मान वर करण्यात आणि अर्धा खाजवण्यात जाऊ लागला. काकू एका झाडाच्या मुळाखाली पावसात भिजत पडू लागल्या. बंगल्यात त्यांना घेत नसत. "पाकोळ्या बिचकतील," साहेब म्हणाले होते.

पुन्हा सभा बसली.

"मंडळी, धीर सोडू नका," काकाकुवासाहेब म्हणाले. "गुंतवणूक कमी पडली. आणखी एक मजला चढवू, कर्णा मोठा लावू. गुहेचा राहिलेला कोपरा काढला की दगड पुरेल."

राहिलेला कोपरा म्हणजे काकूंची शेवटची आशा. पाऊस सरला की तिथंच पुन्हा संसार मांडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काकू, हरकत नाही ना?" अण्णांनी विचारलं.

काकू गोळा होऊ लागल्या. डोकं आत गेलं, पाय आत गेले, शेपूट वरून आलं. आणि एक डासही आत अडकला. काकूंच्या अंगावर सगळीकडे खवले, फक्त पोट मऊ. डास तिथंच चावला.

"आई गं!" काकू ताडकन उघडल्या. साऱ्या वाडीनं काकूंना सभेत पहिल्यांदाच सरळ उभं पाहिलं. तोंड उघडं होतंच. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

"पाकोळ्या होत्या की आपल्याकडे!" काकू म्हणाल्या. "त्याच होत्या! अंधार होता, गारवा होता, ओल होती. आपण त्यांचं घर फोडलं आणि त्यांच्यासाठी घर बांधलं. माझंही फोडलं. मला माझं घर पाहिजे!"

सगळे गप्प झाले. घोरपडमावशी गप्प. अण्णांचा खाजवणारा हातही थांबला. कुणाला काही बोलताच येईना.

आणि कुणी बोलेनासं झालं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

"एकमत!" अण्णा म्हणाले.

काकूंचे डोळे भरून आले. आपण बोललो, आणि सगळ्यांना पटलं! एवढं सोपं होतं तर इतके दिवस आपण कशाला गोळा होत होतो, असं वाटून त्या स्वतःशीच हसल्या.

"अप्रतिम!" काकाकुवासाहेब पंख फडफडवत उठले. "काकूंनी केवढी मोठी योजना मांडली! गुहा प्रकल्प! बंगला फोडायचा, त्याच दगडांची गुहा बांधायची, वर कर्णा लावायचा. प्रकल्पाच्या अध्यक्ष अर्थातच खवलेकाकू!"

"जेवणही त्यांच्याकडेच," मावशी म्हणाली. "चटणी छान करतात."

"काकू, तुमची हरकत नाही ना?" अण्णांनी विचारलं.

साऱ्या माना वळल्या.

काकूंचा गोळा झाला.

तात्पर्य: शहाणी माणसं सांगतात, चुकीचं काही दिसलं की वेळीच बोलावं. मुलांनो, मुळीच बोलू नये. गप्प बसणाऱ्याचं फक्त घर जातं. बोलणाऱ्याला अध्यक्ष करतात.

आणि हो, दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगला फोडायला घेतला. पहिला दगड अध्यक्षांनी उचलायचा असं ठरलं होतं, म्हणून काकूंनी पायरीचा दगड उचलला. त्याला मधोमध खळगा होता.